ज्या महिन्याची भाजी, त्या महिन्याचं आंबट

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणं मागे टाकून सुकेळी खिंड ओलांडली की रोहा तालुक्यातलं खांब लागतं. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारा हा भाताचा मुलूख. पावसाळ्यात इथं घरामागच्या मांडवांवर शिराळी, घोसाळी, पडवळं, दुधी लोंबतात. भात कापून झालं की जमिनीतल्या ओलीवर वाल येतात, आणि पाण्याची सोय असेल त्या परसात मिरची, वांगी, टोमॅटो उभे राहतात. परसाचं रूप असं वर्षातून दोनदा पालटतं. स्वयंपाकघर मात्र अलीकडे बारा महिने एकाच वळणावर गेलं आहे : कांदा परता, टोमॅटो घाला, मग भाजी कुठलीही असो.

हे वळण बरोबर आहे का, यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. म्हणून ती इथं समोरासमोर बसवली आहेत. काकीची सारी हयात परसातल्या भाजीवर स्वयंपाक करण्यात गेली. पुतण्या पनवेलची नोकरी सोडून घरी आला. तो टोमॅटो लावतो, झुकिनी लावतो आणि स्वतः रांधतोही. ही दोघं कुणा एका घरातली नाहीत, पण त्यांचा वाद इथल्या कुठल्याही घरात होऊ शकेल असा आहे. महिना माघ. टोपलीत तांबडे टोमॅटो आणि वीतभर लांबीच्या झुकिनी.

चव झाकायची की भरायची

पुतण्या : काकी, आजची भाजी मी करतो. झुकिनी आणि टोमॅटो, दोन्ही आपल्याच परसातले.

काकी : कर की. पण दोन्ही एका टोपात घालू नकोस. टोमॅटोचं सार कर, आणि ती तुझी झुकिनी दुधीसारखी नुसत्या वाफेवर होऊ दे.

पुतण्या : वेगळं कशाला? जगभर या दोघांची जोडी जमलेली आहे.

काकी : जगाचं राहू दे, चवीचं बोल. दुधी, शिराळं, घोसाळं, पडवळ ही सगळी हलक्या चवीची फळं. शिराळ्याला गोडवा आहे, घोसाळ्याला स्वतःचा वास आहे, पडवळाला जराशी कडवट झाक आहे. टोमॅटो पडला की चारही सारखीच लागतात. मग चार वेल मांडवावर चढवायचे कशाला?

पुतण्या : टोमॅटो चव झाकतो, असं तुझं म्हणणं. मी म्हणतो, तो चव भरतो. टोमॅटोत ग्लुटामेट असतं, ज्यानं पदार्थ तोंडात भरल्यासारखा लागतो. गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात ते जास्त असतं, म्हणून बिया काढून टाकू नयेत. नुसत्या झुकिनीत ती भरीव चव नाही.

काकी : ती चव आम्ही सुकटीनं आणतो. दुधीत सुकट, शिराळ्यात जवळा. पाहुणा आला तर सोडे.

पुतण्या : तेच तर! सुकवलेल्या मासळीतही तसलेच घटक असतात. म्हणजे दुधीला कुणाची तरी साथ लागते, हे तुलाही मान्य आहे.

काकी : साथ लागते. पण साथीदारानं गाणाऱ्याच्या वरचा आवाज लावायचा नसतो. श्रावणात सुकट चालत नाही, तेव्हा ओलं खोबरं घालतो, भिजवलेली चणाडाळ घालतो. पडवळ असेल तर वालाच्या डाळिंब्या. यातलं काहीही घातलं तरी पडवळ पडवळच लागतं. टोमॅटोची तशी खात्री देता येत नाही.

पुतण्या : खात्री देता येते, पण त्याला पाणी कळावं लागतं. तुझी रीत सांग आधी, मग मी माझी सांगतो.

टोपातलं पाणी

काकी : शिराळं घे. विळीवर आधी शिरा सोलून बाजूला ठेव, त्यांची चटणी होते : तेलात कुरकुरीत परतायच्या, तीळ, सुकं खोबरं, लाल मिरची, मीठ घालून कुटायच्या. मग शिराळ्याच्या फोडी मोठ्या कर, शिजल्यावर निम्म्या होतात. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची. फोडी टाकल्या की टोपावर ताट झाकायचं आणि पाणी ताटात ओतायचं, टोपात एक थेंब नाही. वाफ वर जाते, ताटाच्या गार बुडाला लागून परत खाली पडते आणि भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. मीठ भाजी बसल्यावर. आधी घातलंस तर टोपभर भाजीचा अंदाज धरून घालशील, भाजी होईल वाटीभर आणि जेवण खारट. शेवटी ओलं खोबरं, की उतरव.

पुतण्या : यात मी काहीच बदलणार नाही. दुधीत शंभरातले 96 भाग पाणी असतं, झुकिनीत 95, टोमॅटोत 94. आपल्या घरांत अशी फळभाजी आणि टोमॅटो एकत्र घालतात तेव्हा पाण्यात पाणी मिसळतं. मग ते आटवायला गॅस मोठा करतात, तोवर फोडींचा लगदा होतो आणि टोमॅटो मात्र कच्चाच लागतो. तू टोमॅटोला नावं ठेवतेस ती या भाजीवरून.

काकी : मग तू काय वेगळं करतोस?

पुतण्या : दोघांचं पाणी वेगवेगळं हाताळतो. झुकिनीच्या बोटभर जाड चकत्या करायच्या. लोखंडी तवा चांगला तापवून थोड्या तेलावर त्या एका थरात पसरायच्या. एकावर एक टाकल्या तर त्या भाजत नाहीत, वाफवल्या जातात. मीठ नाही, झाकण नाही. खालून तांबूस डाग पडले की उलटायच्या, दुसऱ्या बाजूला डाग पडायच्या आत काढून घ्यायच्या. आत थोडी कचकच राहिली पाहिजे. मग कढईत तेल, ठेचलेली लसूण, अलिबागचा पांढरा कांदा उभा चिरून. हा कांदा तिखट नाही, लवकर गोड होतो. त्यावर चिरलेले टोमॅटो आणि मीठ. मिठानं टोमॅटो पटकन पाणी सोडतो. ते आटून कडेनं तेल सुटेपर्यंत कालथ्यानं हलवत राहायचं. रस दाट झाला की चकत्या घालायच्या, दोन वाफा, बस. टोमॅटो तेलात शिजवल्याचा आणखी एक फायदा म्हणजे त्यातलं लायकोपीन शरीराला कच्च्या टोमॅटोपेक्षा जास्त मिळतं.

काकी : म्हणजे तुझा टोमॅटो आधी शिजून तयार होतो, आणि भाजी त्याला मागाहून भेटते.

पुतण्या : हो. फ्रान्सच्या दक्षिणेला नीस शहराकडे रातातुई नावाची भाजी करतात. झुकिनी, वांगी, ढोबळी मिरची, टोमॅटो. तिथले जाणकारही प्रत्येक भाजी वेगळी परतून शेवटी एकत्र करतात.

काकी : हे मला पटलं. आता माझं एक ऐक. वालात टोमॅटो आधी घातला तर डाळिंब्या शिजता शिजत नाहीत. कितीही वाफ दे, टणकच राहतात. आमसुलाचंही तसंच, म्हणून ते आम्ही शेवटी टाकतो.

पुतण्या : ते आंबटामुळे. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात सहज सुटत नाही. पण हाच गुण उलटा वापरता येतो. झुकिनी किंवा कोवळा दुधी पटकन विरघळतो. त्याच्या फोडी अखंड राहायला हव्या असतील तर आंबट थोडं आधी घालावं. वाल, चणाडाळ, जून दुधी असेल तर शेवटी.

काकी : म्हणजे आंबटाची वेळ भाजीच्या वयावर ठरते. एवढं लक्षात ठेवलं तर निम्म्या भाज्या सुधारतील.

परका कोण, आपला कोण

काकी : पण तरीही माझं मन टोमॅटोकडे वळत नाही. आमच्या लहानपणी तो क्वचित दिसायचा.

पुतण्या : म्हणून तो परका? मग मिरचीही परकी, बटाटाही, तुझा तांबडा भोपळाही. सगळे अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या काळात इकडे आले. त्या पोर्तुगीजांचा किल्ला आपल्या जिल्ह्यात रेवदंड्याला होता, 1740 पर्यंत. दुधीचं मूळ आफ्रिकेतलं मानतात, फक्त तो हजारो वर्षांपूर्वी आला. झुकिनी एकोणिसाव्या शतकात इटलीत मिलानच्या आसपास तयार झाली, पण तिचंही कूळ अमेरिकेतलंच. शिराळं मात्र इथलं. एवढाच निकष लावायचा तर उद्यापासून मिरची बंद करावी लागेल.

काकी : तो निकष मी लावत नाही. कुठून आला हे मी विचारत नाही, केव्हा येतो हे विचारते. मिरची आणि भोपळा आपल्या पावसाला सरावले, आपल्या महिन्यांत बसले. टोमॅटो अजून पावसात उभा राहत नाही. आषाढात लावून बघ.

पुतण्या : लावून बघितला आहे. झाड सकाळी ताजं असतं आणि संध्याकाळी मान टाकतं, पानं हिरवी असतानाच. जिवाणूंची मर ती. खोड कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरलं की कापातून पांढरट धागा पाण्यात उतरताना दिसतो. एकदा तो दिसला की त्या जागी पुढं टोमॅटो, वांगी, मिरची काहीच लावू नये, तिघंही एकाच कुळातली.

काकी : म्हणजे पावसाळ्यात नाही. आणि वैशाखात?

पुतण्या : वैशाखातही नाही. दिवसा 35 अंशांच्या वर ऊन गेलं आणि रात्रीही उकाडा राहिला की फुलं गळतात, फळ धरत नाही. इथला टोमॅटो कार्तिकात रोपं लावून पौष, माघ, फाल्गुनातच खावा.

काकी : मग आषाढात जो टोमॅटो माझ्या शिराळ्यात पडतो, तो कुणाचा?

पुतण्या : नारायणगावचा, पिंपळगाव बसवंतचा. घाट उतरून येतो. प्रवासात टिकावा म्हणून अर्धकच्चा तोडलेला, जाड सालीचा. रंग वाटेत चढतो, चव तेवढी चढत नाही.

काकी : आणि भाव? जुलै 2023 आठव. किलोला शंभराच्या पार गेला, काही शहरांत दोनशेच्याही. तेव्हा मांडवावर शिराळी नव्हती का? आमटीला आंबटपणा नव्हता का? डब्यात आमसुलं होती, बरणीत चिंच होती. ज्यांच्या परसात शिराळी लोंबत होती, त्यांनीही टोमॅटो महाग म्हणून भाजी करायची कशी, असं विचारलं. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. भाजी घरची, आणि ती करायची अक्कल बाजारातून आणायची!

पुतण्या : यात तुझं शंभर टक्के बरोबर आहे. आणि त्याच टोमॅटोला दुसऱ्या हंगामात भाव मिळत नाही, तेव्हा शेतकरी तो रस्त्यावर ओततो. बारा महिने टोमॅटो मागणारं स्वयंपाकघर त्यालाही फार उपयोगी पडत नाही.

जोडी कशी जमते

पुतण्या : पण तुझ्याच न्यायानं बघ. नीसकडे झुकिनी आणि टोमॅटो एकत्र का शिजतात? तिथला उन्हाळा कोरडा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही शेजारशेजारच्या वाफ्यांत पिकतात. सकाळी बागेत गेलं की टोपलीत दोन्ही येतात, म्हणून टोपातही दोन्ही येतात.

काकी : आणि आपल्याकडे त्याच महिन्यांत शिराळ्याबरोबर मांडवाखाली अळू असतं, अंबाडी असते.

पुतण्या : म्हणून आपली पावसाळी जोडी निराळी. पण माघात? झुकिनी पेरल्यापासून साधारण 45 ते 50 दिवसांत फळाला येते. मार्गशीर्षात पेरली की माघात टोमॅटोबरोबर तोडायला मिळते. उन्हाळी दुधीही फाल्गुनात सुरू होतो. म्हणजे माघ-फाल्गुनात इथंही ही जोडी खरी आहे. परसानं जमवलेली आहे, मी पुस्तकातून आणलेली नाही.

काकी : पाणी असेल तर.

पुतण्या : हो, पाणी असेल तर. मुळशीच्या धरणाचं पाणी 1927 पासून भिऱ्याला वीज तयार करून कुंडलिकेत उतरतं. पुढं कोलाडजवळ डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघतात. कालव्याचं पाणी ज्या शिवारात पोहोचतं तिथं उन्हाळ्यातही हिरवं दिसतं. जिथं पोहोचत नाही तिथं विहीर आणि सांडपाणी. परसाला तेवढं पुरतं.

काकी : ते पाणी कुणाच्या बुडालेल्या शेतांवरून येतं, तेही पोरांना सांगत जा. मुळशीच्या माणसांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. पाण्याची नासाडी करताना हे आठवावं.

पुतण्या : सांगेन. म्हणूनच टोमॅटोच्या बुंध्याशी भाताचा पेंढा पसरतो. ओल टिकते, पाणी कमी लागतं आणि मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत, रोगही कमी येतो.

कडू काप आणि कोवळा भोपळा

काकी : आता तुझ्या झुकिनीचं. तिचं बी तू दरवर्षी विकत आणतोस?

पुतण्या : आणतो. संकरित बी आहे, घरचं धरलं तर पुढच्या पिढीत फळ कसं येईल सांगता येत नाही.

काकी : माझा दुधी मी वेलावरच वाळवते. कवटी खडखडली की उतरवून चुलीच्या वर टांगते. धुरानं कीड लागत नाही. बी शेजारच्या चार घरांत जातं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियांच्या जतनासाठी 2020 ची पद्मश्री मिळाली, ती याच कामाची. मी तुझ्या बियांना नाही म्हणत नाही, पण विकतच्या बियांवर परस उभं राहिलं तर ते परस दुकानाचं झालं.

पुतण्या : मान्य. पण घरच्या बियांत एक धोका आहे. कडू जातीच्या भोपळ्याशी परागीकरण झालं तर पुढचं फळ कडू निघू शकतं. दुधीत, झुकिनीत, काकडीत कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. एरवी नगण्य, पण वाढलं तर विषारी. 2010 साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्यानं एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. 2015 साली जर्मनीत घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले. शिजवून हे विष जात नाही.

काकी : म्हणूनच आमच्या आईनं शिकवलं की दुधी चिरताना आधी देठाकडचा काप जिभेला लावायचा. कडू लागला तर थुंकून टाकायचा आणि अख्खं फळ टाकून द्यायचं. साखर, गूळ, टोमॅटो घालून कडूपणा मारायचा नाही.

पुतण्या : हे मी प्रत्येक परसवाल्याला सांगतो. आणि तिखट-आंबट रश्शात कडूपणा चटकन कळत नाही, म्हणून चाखायचं ते कच्चंच, फोडणीच्या आधी.

काकी : तर मग भोपळ्याच्या वेलाकडे चल. तांबड्या भोपळ्याचं हे फळ बघ, मुठीएवढं. साल नखानं खरवडली तर निघते, आत बिया धरलेल्या नाहीत. हे चिरून तव्यावर टाक आणि तुझी झुकिनी शेजारी टाक. सांग फरक.

पुतण्या : फारसा नाही. झुकिनी आणि तांबडा भोपळा एकाच वंशातले आहेत. कोवळं असताना तोडलं आणि सालीसकट खाल्लं की ती कोवळ्या भोपळ्याची भाजी. पिकू दिलं की साल कठीण होते, गर गोड होतो आणि फळ महिनोन्‌महिने टिकतं.

काकी : म्हणजे झुकिनीची जी भाजी तू करणार आहेस, ती कोवळ्या भोपळ्याचीही होईल. बी घरचं. फुलांची भजीही होतील. नर फुलं पहाटे उमलतात, त्यांच्या देठाशी फळाचा गोळा नसतो. मधमाश्या फिरून गेल्या की उन्हं चढायच्या आत तोडायची. सगळी नाही, थोडी वेलावर ठेवून.

पुतण्या : आणि माश्या फिरकल्या नाहीत तर नर फुलाच्या पाकळ्या काढून आतला दांडा मादी फुलाला हातानं लावायचा. घोसाळ्याचंही पहाटेच. शिराळ्याचं आणि दुधीचं फूल मात्र संध्याकाळी उमलतं, त्यांच्यापाशी दिवेलागणीला जावं लागतं.

काकी : बघ, वेलांनाही त्यांची वेळ आहे. मग आंबटाला का नसावी?

आंबटाचं पंचांग

पुतण्या : तुझ्या हिशेबानं वर्ष कसं लागेल, सांग. मी लिहून घेतो.

काकी : चैत्र-वैशाखात कैरी. उन्हाळी दुधीत कैरीच्या दोन फोडी टाकल्या तर दुसरं काही लागत नाही. त्याच दिवसांत कैरीला मीठ लावून वाळवून आंबोशी करायची, ती पावसात सुकटीबरोबर कामी येते. वैशाखात रातांबे पिकले की त्यांच्या सालींना त्यांच्याच रसाची पुटं देऊन आमसुलं वाळवायची, पावसाच्या आत डब्यात भरायची. आषाढ-श्रावणात शिराळं, घोसाळं, पडवळ येतं, त्यांना आमसूल. आमसूल रंग देतं, पण चव दाबत नाही. भाद्रपदात अंबाडीचा पाला. दारात बिंबलीचं झाड असेल तर फळ दिसेल तेव्हा बिंबली.

पुतण्या : आणि भात कापल्यानंतर?

काकी : कार्तिक-मार्गशीर्षात जुनी चिंच, थोडा गूळ. वालाच्या बिरड्यात आमसूल, डाळिंब्या शिजल्यावर. मग पौष आला की...

पुतण्या : टोमॅटो.

काकी : हो, टोमॅटो. तुझा, परसातला, झाडावर लाल झालेला. माघात तो टोपलीभर येत असताना मी बरणीतली चिंच काढली तर तीही चूकच. तेव्हा सारही टोमॅटोचं, भाजीतही टोमॅटो, आणि तू सांगितलास तसा आधी आटवून.

पुतण्या : फाल्गुनाच्या शेवटी ऊन वाढलं की झाडावर हिरवे टोमॅटो उरतात. त्यांची दाण्याचं कूट घालून भाजी, नाहीतर हिरवी मिरची आणि तीळ घालून चटणी. आणि जास्तीचे लाल टोमॅटो आटवून ठेवले तर पुढचे दोन-तीन महिने चालतील.

काकी : आटवून ठेव. पण आषाढात शिराळ्यात घालू नकोस. तिथं आमसुलाचा मान आहे.

पुतण्या : नाही घालणार. आमसूल घालीन. आणि माघात माझ्या भाजीवर तू बोट ठेवायचं नाहीस.

काकी : नाही ठेवणार. पण एक दुधी माझ्यासाठी नुसत्या वाफेवर राहू दे.

वादातून काय निघतं

दोघांचं ऐकल्यावर माझं मत स्पष्ट झालं. भाजीत टोमॅटो असावा की नसावा, हा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या महिन्यात, कुठून आलेला आणि टोपात केव्हा पडणारा, हे विचारलं की उत्तर आपोआप मिळतं. हलक्या चवीच्या फळभाजीला आंबटाची साथ लागते, यात दुमत नाही. ती साथ परसानं किंवा गावानं त्या महिन्यात दिलेल्या, नाहीतर त्या महिन्यासाठी वाळवून ठेवलेल्या आंबटाची असावी. असं केलं की शिराळं शिराळ्यासारखं लागतं, टोमॅटो त्याच्या भर हंगामात पोटभर खाल्ला जातो आणि भाव चढला तरी घरच्या भाजीचं काही अडत नाही.

याला मोठ्या बागेची गरज नाही. मांडवावर पावसाळी दोन वेल पुरेत. शिराळ्याची 'कोकण हरिता', पडवळाची 'कोकण श्वेता' या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती आपल्या हवेत चांगल्या येतात, आणि त्याच विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र रोह्याजवळ किल्ला इथं आहे, तिथं जाऊन विचारता येतं. कार्तिकात टोमॅटोची आठ-दहा रोपं, शेजारी भोपळ्याचा एक वेल. फळीवर आमसूल, आंबोशी आणि चिंच अशा तीन बरण्या.

झुकिनी लावायची हौस असेल तर जरूर लावावी, पण आधी घरचा भोपळा एकदा कोवळा तोडून बघावा. कडू काप लागला तर फळ निर्दयपणे फेकून द्यावं. आणि स्वयंपाकाला बसण्याआधी परसात एक फेरी मारावी. आज तिथं आंबट काय आहे, हे बघून भाजी ठरवावी. बाजारात टोमॅटो काय भावानं आहे, हे त्यानंतर विचारलं तरी चालतं.